कातडी कयाक सांगलीत बांधायची आहे: लाकूड, फासळ्या, कापड याबद्दल मदत हवी

कृष्णाकाठ_मिरज

नमस्कार मंडळी. ग्रीनलँडच्या पद्धतीची एका माणसाची कयाक बांधायची आहे. लाकडाचा सांगाडा दोरीने बांधायचा आणि वरून कापड शिवून रंगवायचं, खिळा-स्क्रू नाही. माझी उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो, बसल्यावर कमरेची रुंदी ३६ सेंमी. सुतारकामाची हत्यारं आहेत आणि रंधा बरा चालतो.

अडचण अशी की जिथे बघावं तिथे लाकूड म्हणजे रेड सीडर आणि व्हाइट ओक. मिरजेच्या वखारीत ही नावं घेतली की समोरचा नुसता बघत राहतो. इथे मिळणाऱ्यातलं काय घ्यावं? सगळी सागात केली तर चालेल का? फासळ्या बांबूच्या चालतील का? आणि कापड म्हणून ताडपत्रीचं कॅनव्हास वापरलं तर किती टिकेल? चालवायचा विचार कृष्णेतच आहे, घाटापासून जवळ पडतं.

रंधा_पटाशी

आधी मापं, मग लाकूड. ग्रीनलँडवाल्यांकडे टेप नव्हता, मापं अंगावरूनच घ्यायचे. आपल्याला हे नवं नाही: वाव (दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर), हात, वीत, मूठ. लांबी सुमारे तीन वाव. रुंदी म्हणजे कंबर आणि दोन्ही बाजूंना एकेक मूठ. काठाची खोली म्हणजे अंगठा उभारलेली मूठ. तुमचा वाव उंचीइतकाच धरला तर लांबी ५१६ सेंमी, रुंदी ३६ + ९ + ९ = ५४ सेंमी, खोली १६ ते १७ सेंमी. पण ही जन्मभर कयाकमध्ये बसलेल्या शिकाऱ्याची मापं. पहिली होडी असेल तर रुंदी ५७-५८ करा आणि लांबी ४९० वर आणा. ५४ मध्ये नवखा माणूस पहिले काही दिवस तोल सांभाळण्यातच घालवतो.

आता भाग. दोन काठपट्ट्या हा सगळ्या होडीचा जीव. त्या २० मिमी जाड, ७० मिमी उंच, पूर्ण लांबीच्या. त्यांना जोडणाऱ्या ७-८ आडव्या पट्ट्या. खाली मधोमध कण्याची पट्टी २५ × २० आणि दोन्ही कुशींना (तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे) एकेक पट्टी २५ × १५. काठपट्टीच्या खालच्या कडेत विंध पाडून त्यात फासळ्यांची टोकं बसतात. फासळ्या २५ ते २७, दर १४-१५ सेंमीला एक. मांड्यांच्या वर कमानीसारखी वाकवलेली जी आडवी येते तिला तिकडे ‘मासिक’ म्हणतात. वर्गणी भरावी लागत नाही, पण तिची उंची चुकली तर आत बसता येत नाही.

साग चालतो, पण वजनाचा हिशेब करा. काठपट्टीची जोडी म्हणजे ५.२ × ०.०७ × ०.०२ × २, सुमारे ०.०१४६ घनमीटर. सागात ती साडेनऊ किलो भरते, पाइनमध्ये सातच्या आसपास. पूर्ण होडी १४-१५ किलोची व्हायला हवी, आणि सगळा सांगाडा सागाचा केला तर हे गणित हातचं जातं. म्हणून काठ, कणा आणि कुशी आयात पाइनच्या, उभ्या सरळ रेषांच्या. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन नको, त्यात दर हातभर गाठ असते आणि गाठीवर काठपट्टी मोडते. सव्वापाच मीटरचा नग मिळणार नाही, तेव्हा तिरका सांधा द्या. २० मिमी जाडीला उतार १:८, म्हणजे १६ सेंमीचा सांधा, इपॉक्सीने. दोन्ही काठांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका. सागाला सांधा द्यायचाच असेल तर तेलकटपणा जायला आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर इपॉक्सी धरत नाही. निव्वळ लाकूड एक घनफूटभर लागतं. करवतीची घट आणि गाठी टाळणं धरून पावणेदोन घनफूट घ्या.

फासळ्यांना धामण. कुऱ्हाडी-कुदळीचे दांडे ज्या लाकडाचे करतात तेच. जुन्या काळी धनुष्यालाही हेच जायचं. नाहीतर बांधावरची जुनी तुती, तीही चांगली वाकते. दोन्ही ओली हवीत. वर्षभर वखारीत वाळलेली पट्टी वाफेवर कितीही ठेवा, वळणावर तडकणारच. शक्य असेल तर करवतीने कापू नका, कुऱ्हाडीने फोडून मग रंधा मारा. फोडल्यावर रेषा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते. करवत रेषा तोडते, आणि रेषा जिथे बाहेर पडते तिथेच फासळी मोडते.

फासळी २२ × ८ मिमी. विंधही ८ मिमीचाच, म्हणजे २० मिमीच्या काठात दोन्ही बाजूंना सहा-सहा मिमी उरतात. खोली १८ मिमी, आरपार नको. फासळीचा विंध आणि आडवीचा विंध एकाखाली एक आले तर काठ तिथे पोखरला जातो. किमान ३ सेंमी अंतर ठेवा. आडवीचं कुसू (विंधात बसणारं टोक) मात्र आरपार, आणि बांबूच्या ६ मिमी खुंटीने अडवा.

वाफेसाठी १५ किलोच्या तेलाचा पत्र्याचा डबा, दोन तृतीयांश पाणी, खाली गॅसची शेगडी, वर नळी आणि ती प्लायच्या दीड मीटर लांब खोक्यात. पीव्हीसी पाइपचं खोकं करू नका, उकळत्या वाफेत तो मऊ पडून लोंबतो. खोक्याच्या दुसऱ्या टोकाला भोक ठेवा, वाफ कोंडली तर डबा फुटेल. ८ मिमी जाडीला २० मिनिटं पुरतात. जास्त शिजवलं की लाकूड ठिसूळ होतं. बाहेर काढल्यापासून हातात दहा सेकंद असतात. दोन्ही हातांनी, जाड हातमोजे घालून, आधी एका टोकापासून पाव अंतरावर वळण, मग दुसरं, आणि लगेच विंधात. गुडघ्यावर दाबून वाकवू नका, एकाच जागी घडी पडते. मधल्या फासळ्यांपासून सुरुवात करून टोकांकडे जा. टोकाच्या दोन-तीन चिंचोळ्या असतात, त्या ६ मिमीच्या करा.

फासळीची लांबी काढायला सूत्र शोधत बसू नका. जाड तार त्या जागी हव्या आकारात वाकवा, सरळ करून मोजा आणि दोन्हीकडे विंधाची खोली मिळवा.

कळक_चिवा

बांबूला एकदम नाही म्हणू नका. तुंगभद्रेवरचे हरिगोल बांबूच्याच विणीचे, वरून प्लॅस्टिक किंवा ताडपत्री आणि डांबर. तीही सांगाड्यावर कातडी चढवलेलीच होडी. आपल्याकडे गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटायचे तेव्हा तर सांगाडासुद्धा नव्हता.

पण कयाकच्या फासळीला आख्खा बांबू नाही, फाळ्या. तीन वर्षांपुढचा कळक किंवा चिवा घ्या, पावसाळा संपल्यावर तोडलेला. अवेळी तोडला तर स्टार्च जास्त असतो आणि भुंगा लागतो. कीड सहा महिन्यांत फाळीचं पीठ करते, आणि कापडाखाली असल्याने कळतही नाही. जुना उपाय म्हणजे तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवणं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या ५-६ टक्के द्रावणात भिजवणं जास्त खात्रीचं. फाळी वाकवताना हिरवी साल वळणाच्या बाहेरच्या अंगाला ठेवा. साल ताण घेते, आतला गर दाब घेतो. उलटं केलंत की गराच्या बाजूने चिरते. वाफ नको, गॅसच्या ज्योतीवर फिरवत गरम करा, घाम सुटल्यासारखी ओल दिसली की वाकते.

पेर वळणावर येऊ देऊ नका. आणि विंध फाळीच्या जाडीप्रमाणे पाडा, फाळी विंधाप्रमाणे तासू नका. तासली की ताकदवान बाजूच जाते.

कुशीच्या पट्टीला मात्र बांबू उत्तम. दगडावर घासला तरी पाइनसारखा खड्डा पडत नाही.

साधं_सरळ

एवढं कशाला राव? १२ मिमी मरीन प्लायचे सहा-सात आडवे छेद कापा, त्यात खाचा, खाचांत पट्ट्या, दोरीने बांधा. वाफ नाही, विंध नाही. सुट्टीच्या चार दिवसांत सांगाडा उभा.

रंधा_पटाशी

ती होडीही चांगली असते, नव्या माणसाला सोपी. फरक असा की प्लायचा छेद कडक असतो. दगडाला धडक बसली की सगळा मार एका छेदावर येतो. वाकवलेली फासळी लवते आणि मार पुढे वाटून देते. शिवाय छेदांमध्ये पाय अडकतात, आत-बाहेर होणं अवघड. प्रश्न ग्रीनलँड पद्धतीचा होता म्हणून त्याचं सांगितलं.

दोन्ही प्रकारांत एक चूक सारखीच होते: कापड फासळीला किंवा छेदाला टेकतं. कापड फक्त कणा, कुशी आणि काठ यांनाच टेकायला हवं. कुशीची पट्टी फासळीच्या बाहेर पुरेशी आली नाही तर तळाला फासळ्या उमटतात, पाणी ओढलं जातं आणि प्रत्येक उमटलेली जागा आधी झिजते. सांगाडा झाल्यावर कण्यापासून कुशीपर्यंत आणि कुशीपासून काठापर्यंत दोरा ताणून बघा. दोरा आणि फासळी यांत किमान ५ मिमी फट हवी.

दुसरी चूक पिळाची. सगळ्या दोऱ्या ओढून आवळल्यावर मग बघतात की पुढचं टोक डावीकडे मान वाकवून आहे. फासळ्या बसल्या की दोन आडव्यांवर दोन सरळ पट्ट्या ठेवा आणि डोळा एका रेषेत लावून बघा. कणा मधोमध आहे का ते टोकापासून टोकापर्यंत दोरा बांधून बघा. तेव्हा गाठी सैल असतात, हाताने सरळ होतं. आवळल्यावर होत नाही.

ताणा_बाणा

कापडाचं बोलू. तिकडे सीलचं कातडं आणि बायकांची ती अद्भुत शिवण, सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच जायची म्हणजे आरपार भोकच नाही. आपल्याला भोकं पडणारच, ती रंगाने बुजवायची.

चार पर्याय आहेत आणि त्यांतला एक सरळ बाद: पीव्हीसी लावलेली ताडपत्री. ती उष्णतेने आवळत नाही, रंग पीत नाही आणि टोकांच्या गोलाईवर सुरकुत्या धरते.

सुती कॅनव्हास, ४०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास: स्वस्त, शिवायला सोपं, भिजलं की स्वतःच आवळतं. पहिला हात ऑईल पेंटचा, कापड थोडं ओलसर असताना घासून द्या म्हणजे रंग आरपार न गळता विणीत बसतो. पुढे तीन हात, प्रत्येकी किमान चोवीस तास सोडून. जड होतं, आणि ओलं गुंडाळून ठेवलं की बुरशी. उंदीरही कुरतडतात.

नायलॉन: सगळ्यात चिवट. पण दमट हवेत सैल पडतं आणि कोरड्यात ताठ होतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात तळ ढिला दिसणार, ऊन पडलं की पुन्हा ताठ. चालतं, फक्त दचकू नका.

पॉलिस्टर, ३०० जीएसएमच्या आसपास, कोणताही लेप न दिलेलं: तुमच्यासाठी हेच. इचलकरंजीच्या बाजारात मागताना ‘फिनिश न केलेलं’ असं सांगा, कारण पाणी न चिकटण्याचा लेप असेल तर रंगही धरत नाही. घेण्याआधी ३० सेंमीचा चौकोन कापून आणा, इस्त्री सिंथेटिकच्या खुणेवरून हळूहळू वाढवत फिरवा, पुन्हा मोजा. एक सेंमीही कमी झालं नाही तर ते आधीच आवळून काढलेलं कापड आहे, परत करा. लांबी होडीपेक्षा अर्धा मीटर जास्त, पन्हा १५० सेंमी.

शिवणीचा क्रम महत्त्वाचा. सांगाडा पालथा. पुढच्या टोकाला कापडाचा खिसा शिवा. मागच्या टोकालाही खिसा, पण तो ४-५ सेंमी आखूड, आणि दोघांनी मिळून ओढून टोकावर चढवा. लांबीचा ताण आधी, रुंदीचा नंतर. उलटं केलं की टोकांजवळ ज्या चुण्या पडतात त्या इस्त्रीनेही जात नाहीत. मग होडी उलथवा आणि वर मधोमध दोन्ही कडा नागमोडी दोऱ्याने ओढत आणा. जास्तीचं कापा, दीड सेंमी ठेवा, दुमडा, पक्की शिवण घाला. चपला शिवतात तो मेण लावलेला नायलॉन दोरा, ३५-४० मीटर, आणि वाकडी सुई. बसण्याच्या तोंडाचं कडं सगळ्यात शेवटी शिवायचं.

इस्त्री शिवणीनंतर, रंगाआधी. एकाच जागी फार आवळलं तर कुशीच्या पट्ट्या आत ओढल्या जातात.

लाकडाला कच्चं जवसाचं तेल लावणार असाल तर कापड चढवण्याआधी आठवडाभर वाळू द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उन्हात एकेक पसरून वाळवा.

कृष्णाकाठ_मिरज

फारच उपयोगी. दोन शंका. पॉलिस्टरवर ऑईल पेंटच द्यायचा की दोन भागांचं पॉलियुरेथेन? आणि सांगाडा बांधायला कोणती दोरी? घरात प्लॅस्टिकची निळी सुतळी भरपूर पडली आहे.

ताणा_बाणा

पॉलिस्टरवर ऑईल पेंट दोन-तीन हंगामांत तडे धरतो, कापड लवतं आणि रंग लवत नाही. पॉलियुरेथेनच द्या. दोन लिटर पुरतं, तीन हात, आधीचा हात चिकट असतानाच पुढचा. पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच. त्यातलं आयसोसायनेट हवेतल्या ओलीशी भांडतं, वायू सुटतो आणि लेपात फोडांचा थर येतो. जूनमध्ये लावलेल्या होडीला गोवर आल्यासारखं दिसतं. वास हलका म्हणून तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. सेंद्रिय वाफांची काडतुसं असलेला मास्क घाला, उघड्या पडवीत काम करा.

रंधा_पटाशी

निळी सुतळी गोठ्यातच बरी. तिच्या गाठी सरकतात आणि उन्हात तिचा भुगा होतो. सुती सुतळी ओली-कोरडी होताना सैल पडते. मेण लावलेली पॉलिस्टरची बारीक दोरी घ्या, दीड-दोन मिमीची.

उरमोडी_वेण्णा

सगळे बांधणीत रमलेत. पाण्याचं बोलायला हवं, कारण ‘कृष्णेतच’ हे वाचून थबकायला झालं.

सांगलीच्या पट्ट्यात मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरपासून खाली. उन्हाळ्यात मादी काठाला अंडी राखते आणि जवळ येणाऱ्यावर धावते. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीला बसतो, आणि शिकताना तर अर्धा वेळ पाण्यात पडलेला असतो. होड्यांच्या शर्यतीची मोठी लाकडी होडी वेगळी, हे वेगळं.

मगरीपेक्षा बंधारे जास्त धोक्याचे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असतील तर पाणी त्या फटींतून जोरात खेचलं जातं. कापडाची होडी आडवी होऊन खांबांना चिकटली की माणसासकट दबते, हाताने सुटत नाही. बर्गे बसवलेले असतील तर वरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा आत ओढतं. वरच्या बाजूला किमान ३०० मीटर लांब राहा. शिवाय नदीतून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलचे पाइप, मासेमारीची जाळी, जलपर्णी. धरणातून विसर्ग सुरू झाला की पातळी वाढते ती वेगळीच.

शिकायला साताऱ्याकडची धरणं बरी: कण्हेर, उरमोडी, धोम. जलसंपदा विभागाकडे आधी विचारा. कास सोडा, ते साताऱ्याचं पिण्याचं पाणी. शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) सुंदर आहे पण तिथे अभयारण्याचे नियम लागतात. सकाळी लवकर उतरा, उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो आणि धरणाच्या लांब पट्ट्यात बऱ्यापैकी लाटा होतात. काठ काळ्या दगडाचे आहेत, घसरत वर ओढू नका, पाण्यातच उतरून उचला.

कापडी कयाकमध्ये हवाबंद कप्पे नसतात. पालथी झाली की काठापर्यंत भरते. पुढे-मागे दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या कोंबा आणि आडव्यांना बांधा. ट्रकची जुनी ट्यूबही चालते, फक्त पूर्ण फुगवू नका, उन्हात हवा पसरून शिवण उसवेल. लाइफ जॅकेट अंगात, होडीत नाही. पहिल्या दिवशी वल्हवणं शिकू नका. कमरेइतक्या पाण्यात, शेजारी माणूस उभा करून, उलटं होऊन बाहेर पडणं दहा वेळा करा. मासिकाखालून मांड्या सहज सुटतात का ते तिथेच कळतं. सुटत नसतील तर कापड चढवण्याआधीच कळायला हवं होतं, म्हणून नुसत्या सांगाड्यातही बूट घालून बसून बघा.

वल्ह्याचं कोणी बोललंच नाही. लांबी एक वाव आणि एक हात, म्हणजे तुम्हाला १७२ + ४६ = २१८ सेंमी. मधला दांडा खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त, ५० सेंमी. पातं अरुंद, साडेआठ सेंमी, अंगठा आणि बोटं यांच्या पकडीत मावेल एवढंच. ९० × ४० मिमीच्या पाइनच्या एका नगातून निघतं. कडा धारदार नकोत, पण जाडही नकोत, ३ मिमी. जाड कडेचं पातं पाण्यात फडफडतं आणि लोक समजतात की हात चुकतोय. ओढताना पात्याची वरची कड थोडी पुढे झुकवा. सरळ धरलं तर फडफड तशीही होईल.

कृष्णाकाठ_मिरज

कृष्णा रद्द, कण्हेर पक्कं. फासळ्यांना धामण, कुशीला चिवा, बाकी पाइन, वर पॉलिस्टर. शेवटचं: फासळ्या मोडू नयेत म्हणून सगळ्याच ६ मिमीच्या केल्या तर?

रंधा_पटाशी

मोडणार नाहीत, पण ७४ किलो बसल्यावर तळ वर दाबला जाईल आणि कणा बैठकीखाली लवेल. ८ च ठेवा. फक्त दोन वळणांच्या जागी, आतल्या बाजूने, चार बोटांच्या पट्ट्यात ७ वर आणा. आणि सत्तावीस लागणार असतील तर पस्तीस तासून ठेवा.